झांजेआड

"तेवढी झांज झाकून घे गं, माला. जमंल न्हवं?"

मनुबाई हे बोलल्या तेव्हा साताऱ्यातल्या त्या सभागृहात लोखंडी खुर्च्या मिटायचं काम सुरू झालं होतं. कार्यक्रम संपला होता, माणसं बाहेर चहाकडे गेली होती आणि मी व्यासपीठाच्या कडेला बसून माईकच्या वायरी गुंडाळत होते. त्या स्वतः उठून माझ्याजवळ आल्या. गाणारं माणूस गाणं संपल्यावर रेकॉर्डिंगवालीकडे येत नाही. आलंच तर पाणी कुठंय विचारतं. यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, तापल्यासारखा गरम, आणि एवढं एकच वाक्य बोलल्या. मी म्हटलं, "झाकते, अक्का. शब्द देते." त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, अजून काही सांगायचंय. पण मागून त्यांचे झांजवाले धनाजीमामा आले, "चला अक्का, गाडी लागलीया" म्हणाले आणि त्यांना खांद्याला धरून घेऊन गेले. खांद्याला धरून. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. आता लावते आहे, आणि रोज निराळा लागतो.

त्यानंतर पावसाळ्याआधीच अक्का छातीच्या दुखण्यानं गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध आता आठवड्यावर आलंय. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावी, देवळापुढच्या पटांगणात, त्यांच्या त्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावायचं असं त्यांच्या मुलीनं, राजनंदिनीनं ठरवलंय. ती साताऱ्यात सरकारी नोकरीत आहे; अक्का तिच्याकडेच राहायच्या. सोमवारी सकाळी तिचा फोन आला. मी नुकतीच माळ ठेवून उठले होते. "ताई, एक विचारू? खरं सांगा. मामांनी मुद्दाम वाजवलंय की नाही?" तीच पुढं म्हणाली, "मी मोबाईलवर काढलेलं ऐकत होते. आईचा शब्द सुटायला आणि यांची झांज पडायला एक गाठ. एकदा नाही, कितीतरी वेळा. फोटोत बघा, केवढे पुढं सरकून बसलेत. तीस वर्षं आईच्या मागं बसायला लागलं, त्याचा राग शेवटच्या दिवशी काढला. मी त्यांना कळवलंय, श्राद्धाला येऊ नका म्हणून." मी म्हणाले, "बघते मी." ती म्हणाली, "बघू नका, काढूनच टाका. आई ऐकू आली पाहिजे. नुसती आई."

मुद्दाम. हा शब्द फोन ठेवल्यावर खोलीतच राहिला. मला धक्का बसला तो राजनंदिनीनं तो उच्चारला म्हणून नव्हे. तो माझ्या मनात आधीपासून होता आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर पडला म्हणून. मी औदुंबरला जाऊन घेतलेला एक नेम आहे: कुणाचं उणं बोलायचं नाही. दुसरा त्याहून जुना, सकाळी तुळशीला पाणी, देवापुढे दिवा आणि एक माळ होईतो मौन. दोन्ही नेम जिभेचे आहेत. मनाचा नेम मी घेतलेला नाही. घ्यायला धजावले नाही. आमचे हे, जयराज, म्हणतात, "तुझं बरंय. उणं बोलायचं नाही, आणि धंदा काय, तर दिवसभर लोकांची उणी ऐकायची." ते चेष्टेनं म्हणतात, पण खरंच आहे ते. लोकांच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग करायची आणि मग सांगलीत घरी बसून ती निस्तरायची, हे माझं काम. कुणाचा श्वास मोठा, कुणाचा सूर खाली, कुणाचा खोकला नेमका शांत जागी. घरामागच्या खोलीत भिंतींना सासूबाईंच्या हातच्या वाकळा टांगल्या आहेत, आवाज आपटून परत येऊ नये म्हणून. त्या खोलीत मी हेडफोन लावते आणि माणसांच्या चुका वेचत बसते, तांदळातले खडे वेचावेत तशा. ताटाबाहेर टाकते आणि कुणाला सांगत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की हेच माझ्या नेमाचं पालन.

झांज मात्र खड्यासारखी वेचता येत नाही. ती तांदळाच्या प्रत्येक दाण्याला चिकटलेली असते. मोठ्या पितळी झांजा समोरून ऐकताना चांगल्या वाटतात, अंगात येतात. पण माईकमधून त्याच झांजा कानाच्या पडद्यावर नखानं ओरखडा काढल्यासारख्या होतात. ती धार एका ठरावीक उंचीवर असते. तिथं आवाज नुसता कापला तर झांज पत्र्याच्या डब्यासारखी होते, आणि त्याच उंचीवर गाणाऱ्याचे स आणि श राहतात, तेही बोथट होतात, बाई बोबडी वाटायला लागते. म्हणून कापायचं नाही, दाबायचं. झांज पडेल तेवढ्याच क्षणी, धार असेल तेवढ्याच जागी, हलक्या हातानं, आणि लगेच हात काढून घ्यायचा. रडत्या मुलाच्या तोंडावर नव्हे, पाठीवर हात ठेवावा तसा. झांजेला स्वतंत्र माईक असला तर हे सोपं असतं. इथं तो नव्हता. का नव्हता? कार्यक्रमाआधी धनाजीमामा माझ्याकडे आले होते. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, निवृत्त सैनिक. पलटणीच्या बँडमध्ये वीस वर्षं झांजाच वाजवलेल्या. म्हणाले, "ताई, माझा माईक काढा. गरज न्हाई." मला तेव्हा तो विनय वाटला. मी माईक काढला. आणि मध्यंतरानंतर बघते तर मामा आपली सतरंजी ओढून अक्कांच्या डाव्या खांद्याशी येऊन बसलेले, इतके जवळ की झांज उघडली की अक्कांच्या पदराला वारा लागावा. म्हणजे स्वतःचा माईक काढून घेऊन माणूस दुसऱ्याच्या माईकवर येऊन बसला. याला विनय म्हणतात?

सोमवार ते बुधवार मी हलक्या हातानं झांज दाबत हेच ऐकत बसले. पूर्वार्ध स्वच्छ आहे. मामांची झांज जिथं पडायची तिथंच पडते, बँडच्या माणसाची पडावी तशी. कवायतीच्या पावलाला चूक नसते. उत्तरार्धात मात्र ती भलत्या जागी पडायला लागते. समेवर नाही, ओळीच्या शेवटी नाही, ओळीच्या पोटात. आणि मऊ नाही, सणसणीत, दोन्ही कडा पूर्ण उघडून. जो माणूस वीस वर्षं साहेबाच्या काठीकडे बघून वाजवत आला, त्याची झांज चुकून भलतीकडे पडत नाही. राजनंदिनीचं बरोबर होतं. मुद्दाम. पण का? आणि अक्का थांबल्या का नाहीत, मान वळवून डोळे का वटारले नाहीत? पूर्वी एकदा दहिवडीत ढोलकीवाल्यानं लय वाढवली तर त्यांनी भर गाण्यात त्याला, "घरला जायचं आसंल तर जा बाबा, ढोलकी हितं ठिऊन जा," असं सुनावलं होतं, आणि लोक हसून हसून लोळले होते. अशी बाई या माणसाला एवढं वाजवू देते? मग मला खांद्यावरचा तो हात आठवायचा, आणि मन नको त्या गल्लीत शिरायचं. विधवा बाई, तीस वर्षांची साथ, एका गाडीतून येणंजाणं. मी हेडफोन काढून ठेवायची, देवापुढे जाऊन उभी राहायची. काही बोललेली नसायचीच. नेम मोडलेला नसायचा. तरी देवाच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

संशय आमच्याकडे आईकडून आलाय. माझे वडील माधवनगरच्या कापड गिरणीत मागावर होते. मी लहान असताना आईबरोबर त्यांचा डबा द्यायला गेले की दारातूनच तो खडखडाट अंगावर यायचा; छातीतली हाडं वाजायची. आत माणसं मात्र निवांत बोलत असायची. आवाज नाही, नुसते ओठ. वडील घरी मुकाट असायचे, जेवताना "मीठ" एवढं बोलले तरी खूप. आणि तिथं, त्या गोंगाटात, शेजारच्या मागवाल्याशी ते भडाभडा बोलत असायचे, हसायचे, एकदा तर डोळे पुसताना मी त्यांना पाहिलंय. आई दारात डबा घेऊन उभी. घरी आल्यावर ती विचारायची, "तिथं काय बोलत हुता?" वडील म्हणायचे, "काय न्हाई, मागाचं." आई म्हणायची, "मागाचं बोलताना मानूस डोळं पुसतंय व्हय?" वडील उठून अंगणात जायचे. आईला जन्मभर वाटत राहिलं की तिच्या नवऱ्याचा खरा संसार त्या खडखडाटाच्या आत आहे आणि तिला तिथं प्रवेश नाही. गिरणी बंद पडली तेव्हा वडील खचले आणि आई, कसं सांगू, थोडी सुखावली. पण त्यानंतर वडील कुठंच बोलले नाहीत. बोलायला गोंगाटच उरला नाही. हे सगळं मला त्या तीन दिवसांत पुनःपुन्हा आठवत होतं, आणि मी त्याला हटकत होते: आत्ता कशाला, आत्ता माझं काम झांजेचं आहे.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे दत्ताची आरती असते. हे बाजार समितीतून हळदीचा वास अंगावर घेऊन येतात, हातपाय धुतात आणि झांज घेऊन उभे राहतात. घंटी माझ्याकडे. यांना आरतीचं पहिलं कडवं येतं आणि शेवटचं येतं. मधलं लग्नाला बावीस वर्षं झाली तरी येत नाही. मधलं कडवं आलं की यांची झांज एकदम चढते, मान हलायला लागते, डोळे मिटतात, ओठ नुसते हलतात; बघणाऱ्याला वाटावं, काय तल्लीन झालाय माणूस! शेवटचं कडवं आलं की झांज खाली आणि आवाज वर. आरती घेताना मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "मधल्या कडव्यात फार रंगता हो तुम्ही." हे म्हणाले, "अगं, सगळा महाराष्ट्र रंगतो. शब्द आठवेना की झांज जोरात. देवाला कळतं, शेजाऱ्याला कळत नाही." मी हसले. हसताना तबकातली ज्योत हलली. आणि माझं हसू तिथंच थांबलं. "काय झालं?" यांनी विचारलं. मी ज्योतीवरून हात फिरवला, डोळ्यांना लावला. "काही नाही," म्हटलं, "झांजेचं." माझ्याच कानाला ते वडिलांसारखं ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले नाही. भीती वाटली म्हणा. सकाळी दिवा लावला, माळ केली. माळेत दोनदा मेरूमणी, ओलांडायचा नसतो तरी, ओलांडून पुढं गेले, परत फिरले. मग खोलीचं दार लावलं. आता मला ते रेकॉर्डिंग गोड करायचं नव्हतं. बाई बोबडी झाली तरी चालेल, झांज पत्र्याची झाली तरी चालेल. मला नुसतं आत बघायचं होतं. उत्तरार्धातली भलत्या जागची पहिली झांज घेतली. अक्कांच्या आईनं जात्यावर रचलेलं गाणं, अक्का ते प्रत्येक कार्यक्रमात म्हणायच्या: दिवा उंबऱ्याशी ठेवा गं, येईल त्याला दिसू दे. रेकॉर्डिंगमध्ये "दिवा" ऐकू येतं, मग झांज, मग "उंबऱ्याशी ठेवा गं." मी झांज दाबली. धार गेली. आणखी दाबली. चमक गेली, मागं नुसता एक घोंगावणारा पितळी धूर राहिला. त्या धुरात बाईचा आवाज होता. गाण्याचा नव्हे, बोलण्याचा. "पुढं?" आणि त्याला लागून, खालून, पुरुषाचा: "उंबऱ्याशी."

मी हेडफोन काढले. वाकळांकडे बघत राहिले. पुन्हा लावले. दुसरी झांज. "पुढं काय रं?" "सासरच्या वाटंला." तिसरी. इथं त्यांनी विचारलंच नव्हतं. नुसता एक श्वास अडकलेला, आणि मामांनी ओळखून आधीच शब्द दिलेला, आणि तो शब्द देताना स्वतःच्याच तोंडावर झांज उघडलेली, लोकांना कळू नये म्हणून. सगळ्या अशाच. तीन दिवस मी ज्या ठोक्यांना दुष्टावा म्हणत होते, त्या प्रत्येकाच्या आत एक शब्द ठेवलेला होता, पदराच्या गाठीत सुपारी ठेवावी तसा. मुद्दाम. होय, मुद्दामच. राजनंदिनीचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि आम्ही दोघी पुऱ्या चुकलेल्या होतो. गाणं पुढं जात होतं, लोक टाळ्या देत होते, आणि मग ती एक जागा आली. तिथं झांजेला उशीर झाला होता. किंचितच. अक्का ओळीच्या मध्ये थांबल्या होत्या आणि झांज पडायच्या आतच बोलायला लागल्या होत्या, लहान मुलीच्या आवाजात: "मी कुटं हाय रं?" मधेच झांज, आणि झांजेच्या खाली मामा: "साताऱ्यात हाय, अक्का. मी हाय. म्हना. येईल त्याला." आणि अक्कांनी म्हटलं, स्वच्छ, मोठ्यानं, सगळ्या सभागृहाला, येईल त्याला दिसू दे. टाळ्या. मी तिथं यंत्र थांबवलं. "मी कुटं" एवढं झांजेच्या आधी उघडं पडलं होतं. मूळ रेकॉर्डिंगमध्येही. इतक्या वेळा ऐकून मला ते गाण्याचाच तुटलेला शब्द वाटलं होतं. कान माझा, आणि तरी मी त्याला माझ्या संशयाजोगतंच ऐकवलं होतं.

धनाजीमामांना फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. "कोन?" "मी माला, मामा. सांगलीहून." "बोला ताई." मी म्हटलं, "मी झांज कमी करून ऐकलं." त्यांच्या मागं, साताऱ्यातल्या गोडोलीच्या चढावर, रिक्षा गिअर बदलत होती. मग ते म्हणाले, "सगळं आइकलंसा?" "हो." "मग आता परत झाका." जणू उघडं राहिलेलं दार लोटायला सांगावं तसं. मी म्हटलं, "अक्कांनी मला झांज झाकायला सांगितलं होतं मामा. तेवढी झांज झाकून घे, म्हणाल्या." "न्हाई न्हाई," ते म्हणाले, "मी मागंच हुतो की. 'तेवढं झांजंत झाकून घे' म्हनली अक्का. झांजंत. तुमी पार उलटं आइकलंसा, ताई. खुर्च्या आदळत हुत्या, मला वाटलंच हुतं, धड आयकाय आलं नसंल." मी भिंतीला टेकले. तेवढी झांज; तेवढं झांजंत. एक त. मनात ते वाक्य पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. आता तिथं त ऐकू येत होता, अगदी साफ. पण तो तेव्हा होता, की मामांनी आत्ता ठेवला आणि माझ्या आठवणीनं घेतला? हा माणूस आपलीच झांज वाचवत नसेल कशावरून? हे मनात आलं, आणि आलं म्हणून माझी मलाच शिसारी आली. आठवणीला माईक लावता येत नाही. पण अक्कांचं ते डोळ्यांत बघणं आठवलं. झांज कमी कर एवढंच सांगायला कुणी कुणाच्या डोळ्यांत इतका वेळ बघत नाही.

"कधीपासून होतं त्यांना?" मी विचारलं. "सालभर. आदी आदी लय बारीक. गावाचं नाव इसरायची, चुलतीच्या नावानं मला हाक मारायची, मग सवताच हसायची. म्हनायची, धना, डोस्क्यातली लाईट जातीया बग, पर येतीया परत. डॉक्टरकडं चला म्हनलं तर म्हनली, गानं बंद करत्याल माझं." "राजनंदिनीताईंना सांगा ना मामा. त्या तुम्हाला…" "आवं, तिच्यासाटीच तर सगळं," ते एकदम मोठ्यानं बोलले, मग आवाज खाली आला. "पोरगी एका घरात ऱ्हात हुती तिच्यासंगं. तिच्या ध्यानात आलं न्हाई. आता कळलं तर जल्मभर सवताला खात बसंल. अक्काला त्येचीच भ्या. मरनाची न्हवती. धनाजीची झांज फाटकी, म्हनूं द्या की लोकास्नी. बँडात हुतो ताई. साहेब लोकांच्या लय शिव्या खाल्ल्याती. ह्यो तर परसाद." "पण श्राद्धाला…" "देवळाच्या भायेर पार हाय. तितनंबी आयकाय येतंय." मग त्यांनी फार हळू विचारलं, "एका जागी मला उशीर झाला हुता. साताऱ्यात हाय म्हनलो बगा, त्या जागी. तितं… दिसतंय का वो?" मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "हो मामा. दिसतंय."

फोन ठेवला आणि लगेच राजनंदिनीला लावला, थांबले असते तर धीर झाला नसता. म्हटलं, "ताई, झांज आहे तशी राहील." "म्हणजे?" "मी दाबून बघितली. अक्कांचा आवाज जातो तिच्याबरोबर." हे खोटं नव्हतं. "मग त्या जागाच गाळा." "नाही गाळणार. आणि मामांना बोलवा श्राद्धाला. मी हात जोडून सांगते." तिचा आवाज बदलला. वरकरणी नम्र, पण आतून दार लावलेला. "तुम्हाला फोन केला वाटतं मामांनी?" "मीच केला." "अस्सं. काय ठरलं मग तुमचं दोघांचं?" मी म्हटलं, "ताई, अक्कांनी माझ्याकडे एक मागितलं होतं. मी शब्द दिलाय." "काय मागितलं?" "ते नाही सांगता येणार." "माझ्या आईनं तुम्हाला सांगितलं आणि मला सांगायचं नाही?" मी पुन्हा तेच म्हटलं, शब्द दिलाय. ती म्हणाली, "मोठ्या देवभक्त म्हणवता, ताई. माझी आई तुम्ही दोघं मिळून झाकताय, एवढं मला कळतंय. पाठवा तुम्हाला पाठवायचं ते. लावायचं का नाही ते मी ऐकून ठरवीन." फोन बंद झाला. 'झाकताय' हा शब्द तिनं नेमका उच्चारला, आणि नेमका उलटा. मी पडद्याकडे बघत बसले. आता मामांच्या शेजारच्या सतरंजीवर मीही बसले होते. संशय फिरून माझ्यावर आला होता, आणि नवल म्हणजे हलकं वाटत होतं. घामानं भिजलेलं अंग वाऱ्यावर आल्यासारखं.

मग दुपारभर मी माझं केलेलं काम उलगडलं. झांजेच्या प्रत्येक ठोक्यावरचा हात काढून घेतला. नुसत्या त्या जागांवरचा नव्हे, सगळ्याच. पूर्वार्धातल्याही. काही मऊ आणि काही धारदार ठेवल्या असत्या तर जाणत्या कानाला लगेच कळलं असतं, हिथं का ठेवली, हिथंच का. सगळ्या सारख्या टोचल्या तर कुणी कुठल्याच एकीकडे बोट दाखवणार नाही. म्हणतील, रेकॉर्डिंग वाईट झालंय, बाईला काम येत नाही. त्यावर माझं नाव राहील. राहू दे. ठोका सोडला की धार परत यायची, कानाला नख लागायचं, आणि तिच्यामागं "पुढं?" बुडून जायचं. एकेक शब्द खाली जाताना मी त्याला मनातल्या मनात नमस्कार करत होते, विसर्जनाला करतात तसा. शेवटी ती जागा उरली. "मी कुटं" तिथं तसंच वर तरंगत होतं. त्या आवाजाच्या अंगावर टाकायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पूर्वार्धातली झांज इथं आणून बघितली, ती लांबून वाजलेली, पुरेना; उत्तरार्धातली आणली, तर तिच्या पोटातही कुणाचा ना कुणाचा शब्द होता, तो इथं ऐकू यायचा. आपल्या देव्हाऱ्यातली झांज वाजवून बघितली, तर ती आरतीची, किनरी, लगेच परकी वाटली. तिथं झांज हवी ती मामांचीच, मोकळी, आत काहीही नसलेली. एक ठोका.

आज सकाळी दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. माळ केली, आज मेरूमणी ओलांडला नाही. बारका रेकॉर्डर, एक माईक आणि त्याला गुंडाळायला सासूबाईंच्या वाकळेचा एक तुकडा पिशवीत घातला. वर डब्यात दोन पोळ्या आणि गूळ, मामांना. हे दाराशी दाढीचा साबण तोंडाला लावून उभे होते. "सकाळी सकाळी कुठं निघालीस?"

"साताऱ्याला. एक झांज राहिलीय."

"काढायची?"

मी चपला पायात सरकवल्या. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर खडखडत वर गेलं. त्या आवाजात मी त्यांना उत्तर दिलं आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.